दर रविवारी दत्तक

निगडी प्राधिकरणातल्या ‘लाडोबा पेट शॉप’मध्ये एकदा आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही, ही बाब दुकान उघडल्यावर काही महिन्यांनी मालकाच्या निदर्शनास आली. गिऱ्हाईक यायचं, कुत्र्याचा पट्टा हातात घेऊन ताणून बघायचं, मांजराच्या वाळूची पिशवी उचलून वजनाचा अंदाज घ्यायचं, पोपटाला लागलेल्या जुलाबावर फुकट सल्ला घ्यायचं आणि बाहेर पायरीवर उभं राहून तोच पट्टा मोबाईलवरून मागवायचं. काही सभ्य गिऱ्हाइकं त्यासाठी दुकानाच्या वायफायचा पासवर्डही विचारत. मालक रविराज तो सांगत असे. त्याला जनावरांचं मनापासून वेड होतं. चावरं कुत्रंसुद्धा त्याच्या मांडीशी येऊन गप्प बसे. धंद्याला लागणारा दुसरा कोणताही गुण त्याच्यात आढळून आलेला नव्हता.

गाळा वडिलांचा, सोपानरावांचा. सोपानरावांची जमीन आधी कारखान्यांनी घेतली, मग प्राधिकरणानं, मग रस्त्यानं. उरलं त्यात रस्त्याकडेचा हा गाळा आणि तळवड्याच्या बाजूला एक गोठा. गोठ्यात शर्यतीचे दोन बैल होते. सोपानराव सकाळी चहा घेऊन गोठ्यावर जात ते दिवेलागणीला परतत, त्यामुळे घरातल्या निर्णयांत त्यांचं मत विचारण्याची वेळ सहसा येत नसे. दुकान चालत नाही हे मात्र त्यांना दिसत होतं. एक मोबाईलवाला दोनदा येऊन गाळ्याची रुंदी बघून गेला होता.

रविराजची बायको पूनम पूर्वी एका कंपनीत एचआरला होती. माणसं सोडून का जातात, याचा तिला दांडगा अनुभव होता. तिनं घरबसल्या एक ऑनलाइन शिबिर केलं आणि जाहीर केलं, की पट्टे विकून गिऱ्हाईक टिकत नसतं.

“मग काय विकायचं?” रविराजनं विचारलं.

“आठवण. छोटे छोटे स्थानिक कार्यक्रम घ्यायचे. दहा-वीस लोक, चहा-बिस्किटं, काहीतरी निमित्त. माणूस एकदा आपल्या कार्यक्रमाला आला की आपला झाला. याला ग्राहक-निष्ठा म्हणतात.”

“पण निमित्त काय?”

निमित्त त्याच आठवड्यात आपल्या पायांनी चालत आलं. एक तांबूस गावठी पिल्लू, एक कान उभा आणि एक पडलेला, मंडईच्या बाजूनं आलं आणि दुकानाच्या पायपुसण्यावर झोपी गेलं. रविराजनं त्याला धुतलं, जंताचं औषध पाजलं, लस टोचून आणली. या पिल्लाला एखादं बरं घर मिळावं असं त्याला वाटलं. पुढच्या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी एवढी एकच साधी इच्छा होती, याची वाचकांनी नोंद घ्यावी. पुढं जे घडलं त्यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता.

पूनमनं आसपासच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर निरोप टाकला: रविवारी सकाळी दत्तक सोहळा, अल्पोपाहार. आता आपल्याकडं ‘सोहळा’ म्हटलं की मांडव आला, मांडव म्हटला की माईक आला आणि माईक आला की प्रमुख पाहुणे येतातच. ते रणजीतभाऊंच्या रूपानं आले. निवडणूक कोणतीही असो, रणजीतभाऊ इच्छुक असत. निवडणूक नसेल तरी असत. मांडव, साउंड आणि फ्लेक्स त्यांनी स्वखर्चानं दिले. फ्लेक्सवर गॉगल लावलेले रणजीतभाऊ पूर्णाकृती होते, खाली चाळीसेक शुभेच्छुकांचे फोटो होते आणि ‘दत्तक सोहळा’ या शब्दांतल्या ‘ळा’च्या शेजारी ते पिल्लू होतं.

दहा-वीस लोक अपेक्षित होते, पण मांडव भरून रस्त्यावर खुर्च्या टाकाव्या लागल्या. पिल्लाला शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. शालीवर त्यानं मुतून घेतलं. त्याला दत्तक घेण्याचा मान आणि तसं सर्टिफिकेट निरंजन यांना मिळालं. निरंजन चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी मॅनेजर होते, समोरच्याच सोसायटीत राहत आणि बोलताना प्रत्येक वाक्य तपासून मग सोडत.

“मी आज केवळ एक पिल्लू घरी नेत नाहीये,” ते माईकवर म्हणाले, “मी एक जबाबदारी घरी नेतोय.”

टाळ्या पडल्या. मग फोटो सुरू झाले. फोटोत हातात काहीतरी हवं म्हणून लोकांनी पट्टे घेतले, रबरी हाडं घेतली, चेंडू घेतले. ज्यांच्या घरी चिमणीसुद्धा येत नाही त्यांनी कुत्र्याचा रेनकोट घेतला. दुपारपर्यंत दुकानातला अर्धा माल संपला होता. त्या दिवशी रविराज आणि पूनम शेवपुरी खायला बाहेर गेले, बऱ्याच दिवसांनी.

मंगळवारी सकाळी निरंजन पिल्लू घेऊन परत आले.

“नखं वाजतात हो फरशीवर,” ते म्हणाले. “माझी फर्स्ट शिफ्ट असते, झोप होत नाही. पण भावना तीच आहे बरं का.”

“हरकत नाही,” रविराज म्हणाला. त्याला फार वाईट वाटलं होतं. “सर्टिफिकेट आणलंय का?”

“ते राहू द्या. फ्रेमला टाकलंय.”

पिल्लू पुन्हा पायपुसण्यावर जाऊन झोपलं. पूनमलाही वाईट वाटलं. पण तिला पुरतं वाईट वाटण्याच्या आत फोन वाजू लागले. पुढचा सोहळा कधी आहे, आम्हाला मान मिळेल का, मागच्या वेळी आमचा फोटो नीट आला नाही. एकानं तर विचारलं, की पिल्लू तेच असणार ना, कारण मुलांचा त्याच्यावर जीव जडलाय.

दुसऱ्या रविवारी पिल्लू दुसऱ्या घरी गेलं आणि मंगळवारी परत आलं. तिसऱ्यांदा तिसऱ्या घरी. कुणाच्या सासूबाईंना केसांची ॲलर्जी निघाली, कुणाच्या वास्तूत आग्नेयेला कुत्रं चालत नव्हतं. एका जोडप्याला ते लग्नाआधीच्या फोटोंपुरतंच हवं होतं, तसं त्यांनी नेतानाच प्रामाणिकपणे सांगितलं होतं. एका गृहस्थांची तक्रार होती, की पिल्लू त्यांच्याकडं बघतच राहतं. परत करणाऱ्यांची अडचण होऊ नये म्हणून दुकानाच्या बाजूच्या खिडकीवर ‘परतावा: मंगळवार, सकाळी’ अशी पाटी लावण्यात आली. कुणाला चोरासारखं तोंड लपवत यावं लागू नये, हा त्यामागचा उद्देश होता.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण इथं नवेपण संपेना, कारण सोहळ्याला जोड मिळत गेली. पिल्लाचं बारसं झालं, पाळणा टांगला, बायकांनी कुर्र केलं. ग्रुपवर मतदान होऊन नाव ‘हॅपी’ ठरलं. संक्रांतीला प्राणीप्रेमी महिलांचं हळदीकुंकू झालं आणि वाण म्हणून उवा मारायचा साबण दिला गेला. येणाऱ्यांना ‘निष्ठावंत ग्राहक’ असं कार्ड मिळू लागलं. कार्डावरून लगेच वाद सुरू झाले, कारण पहिल्या सोहळ्यापासून येणारे स्वतःला ज्येष्ठ निष्ठावंत समजत आणि मागाहून आलेल्यांना पुढच्या रांगेत बघून त्यांना अन्नपाणी गोड लागेना. ज्यांनी हॅपीला एकदा नेऊन परत केलं होतं त्यांनी ‘माजी पालक संघ’ स्थापन केला. संघाला पहिली रांग राखीव मिळाली. दत्तक घेणं म्हणजे काय असतं, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

दुकान धो-धो चालू लागलं. मोबाईलवाला पुन्हा आला नाही. हॅपीला मात्र झोप नव्हती. दुकानात तो बसल्या बसल्याच डुलकी घेई, कारण कोण कधी येऊन उचलेल आणि गालाला गाल लावून फोटो काढेल याचा नेम नव्हता. रविराजला हे दिसत होतं. दर रविवारी त्याला वाटे, या वेळी तरी घरी टिकू दे बिचारा. आणि दर मंगळवारी तो परत आला की आतून सुटल्यासारखंही वाटे. या दुसऱ्या वाटण्याबद्दल तो कुणाशी बोलला नाही.

संक्रांत उलटल्यावर एके दुपारी सोपानराव दुकानात आले. ते दुकानात कधी येत नसत, म्हणून रविराज खुर्चीवरून उठला.

“रवी, ह्यो तांबड्या दे मला,” सोपानराव म्हणाले. “गोठ्यावर कुत्रं न्हाई. म्हातारं कुत्रं गेल्यापून बैलं रातच्याला बिचकत्यात. मलाबी करमत न्हाई.”

“न्या की आबा,” रविराज म्हणाला.

ही त्याची चूक होती. पूनमनं ती लगेच दुरुस्त केली.

“आबा, असं नाही देता येत हो. सोहळ्याशिवाय गेला तर लोक काय म्हणतील? आणि तुम्ही घरचे. घरच्यांना दिला तर पारदर्शकता कुठं राहिली?”

“घरच्यास्नी न्हाई द्यायचा, मंग कुनाला?”

“पात्र कुटुंबाला.”

सोपानरावांनी हॅपीकडं पाहिलं. हॅपी त्यांच्या वहाणेला लागलेलं शेण हुंगत होता आणि त्याची शेपटी हलत होती. गेल्या कित्येक रविवारांत ती कुणासाठी हललेली नव्हती.

“मंग मला पात्र करा,” सोपानराव म्हणाले.

पूनम वाईट बाई नव्हती. तिला सासऱ्यांची कीव आली. पण पुढचे सगळे रविवार ठरलेले होते, एका टाइल्सवाल्यानं आणि एका दाताच्या डॉक्टरनं सोहळे प्रायोजित केले होते, आणि एखादा माणूस कुत्रं घेऊन जातो आणि ते परतच करत नाही अशा प्रसंगाची धोरणात तरतूदच नव्हती. तिनं हा विषय पालकांची घरं तपासणाऱ्या घरभेट समितीकडं सोपवला. समितीचे अध्यक्ष निरंजन होते. स्वतः मंगळवारी परत करून गेल्यानंतर त्यांना पिल्लाच्या भवितव्याची काळजी वाटू लागली होती, आणि तपासणीशिवाय कुठलाही माल बाहेर जाऊ नये असं त्यांचं मत होतं.

समिती शनिवारी गोठ्यावर आली. तिघांच्याही पायांत सेफ्टी शूज होते, कारण ओव्हरटाइम संपवून ते चाकणहून परस्पर आले होते. चाकणच्या पट्ट्यात ज्यानं दोन वर्षं काढली, त्याला देवळात नेलं तरी तो आधी घंटा कधी कॅलिब्रेट केली ते विचारतो. निरंजननी पॅडला कागद लावला.

“आबा, इमर्जन्सी एक्झिट कुठंय?”

“तिकडं भिंतच न्हाई.”

“म्हणजे एक्झिट डिफाइन केलेला नाही,” निरंजननी लिहिलं. “कुत्रा झोपणार कुठं?”

“त्याला वाटंल तितं.”

“अनकंट्रोल्ड. बरं, खाणं काय देणार?”

“भाकर. ताक. कदी अंडं.”

“भाकरी कोण सप्लाय करतं?”

“आमची कौशल्या.”

“व्हेंडर अप्रूव्ह्ड आहे का?”

“चाळीस वर्सं खातोय मी,” सोपानराव म्हणाले.

“ते ठीक आहे. पण रेकॉर्ड नाही ना.” निरंजन बैलांकडं वळले. बैलानं फुस्स केलं. निरंजन दोन पावलं मागं सरले आणि त्यांनी लिहिलं, की परिसरात गार्ड नसलेली अवजड हलती यंत्रणा आहे. मग गच्चीला जाळी आहे का, असा कॉलम आला. गोठ्याला गच्ची नव्हती. म्हणजे जाळीही नव्हती, आणि कॉलम रिकामा सोडता येत नव्हता, म्हणून तिथंही ‘नाही’ लिहिण्यात आलं.

गोठा नापास झाला. ज्या फ्लॅटमध्ये नखं वाजतात म्हणून हॅपी परत आला होता, तो फ्लॅट मात्र याच निकषांवर मागाहून पास ठरवण्यात आला होता. तिथं एक्झिटही होता आणि जाळीही. एखाद्यानं सरळ हात झटकले असते. सोपानरावांनी विचारलं, की काय काय करायचं तेवढं सांगा. तिथं मला पहिल्यांदा त्यांचा राग आला. माणसानं इतकं सरळ असू नये. पण त्यांना ते कुत्रं हवं होतं, आणि दुसरा रस्ता त्यांना दिसत नव्हता.

त्यांनी गोठ्यात टाइल्स बसवल्या. बैल त्यावरून घसरू लागले म्हणून टाइल्सवर पोती अंथरली. कुत्र्याची जागा आणि बैलांची जागा वेगळी दाखवायला समितीच्या सांगण्यावरून पिवळे पट्टे मारले. शर्यतीच्या बैलांना रेघ दिसली की पळायचं असतं असंच वाटतं. ते रोज सकाळी पट्ट्यावर खूर लावून दोरीला हिसके देऊ लागले. सोपानरावांच्या पत्नी कौशल्याबाईंनी भाकरी चाखायला देऊन समितीपुढं परीक्षा दिली. बैलाच्या डोक्यावर ‘बैल’ अशी पाटी लागली. सोपानरावांनी एका शब्दानं तक्रार केली नाही. फक्त एकदा ते निरंजनना म्हणाले, “सायेब, लगीन जमवताना पोरीच्या बापाला एवढं इचारलं न्हवतं आमी.”

गोठा अखेर सशर्त पास झाला, आणि मग पूनमच्या ध्यानात आलं, की यात तोटा काहीच नाही. उलट याच्याइतकं चांगलं निमित्त आजवर मिळालेलं नव्हतं. पांढरं धोतर, फेटा, सुरकुतलेला चेहरा. रणजीतभाऊंनी फ्लेक्स केला: ‘भूमिपुत्राच्या दारी हॅपी’. रविवारी गर्दीनं चौकापर्यंत वाहतूक तुंबली. सोपानरावांच्या मांडीवर हॅपी, हॅपीच्या गळ्यात हार, दोघांच्या डोक्यावर गुलाबाच्या पाकळ्या. माजी पालक संघाच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. रणजीतभाऊ माईकवर म्हणाले, की मातीचं नातं मातीशी जुळलं. सर्टिफिकेट दिलं गेलं. मग सोपानरावांनी कोपरीच्या खिशातून एक दोरी काढली, हॅपीच्या पट्ट्यात अडकवली आणि स्टेजवरून उतरून ते सरळ चालू लागले.

लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. पुष्कळ जण शूटिंग करत तळवड्याच्या रस्त्यापर्यंत मागं गेले.

मंगळवारी परताव्याच्या खिडकीपाशी नेहमीची मंडळी जमली. ज्यांना रविवारी फोटो मिळत नसे ते मंगळवारी येत. सोपानराव आले नाहीत. बुधवारीही नाहीत. ग्रुपवर आधी विनोद झाले, मग काळजी, मग संशय. एकीनं लिहिलं, की आतापर्यंत एकही पालक असा वागलेला नाही. दुसऱ्यानं विचारलं, की ते कुत्र्याला परत का करत नाहीत, त्यांना लपवायचं काय आहे. निरंजननी खुलासा केला, की सिस्टीममध्ये अशी केस पूर्वी आलेली नाही आणि समिती मूळ कारणाचा शोध घेत आहे.

पुढचा रविवार हॅपीच्या मोठ्या फोटोवर भागवला. लोकांनी फोटोसोबत फोटो काढले, पण मजा आली नाही, आणि मालाला कुणी हात लावला नाही. त्याच आठवड्यात मोशीतल्या एका नव्या दुकानानं सशाचं डोहाळजेवण जाहीर केलं. ज्येष्ठ निष्ठावंतांपैकी निम्मे तिकडं गेले आणि पहिल्या रांगेत बसले.

रविराज गोठ्यावर गेला. हॅपी पोत्यावर पाठ टेकून, चारी पाय वर करून झोपला होता, तोंड उघडं, जीभ एका बाजूला लोंबत. शेजारी बैल रवंथ करत होता. रविराजनं हॅपीला असं झोपलेलं आजवर पाहिलं नव्हतं. तो बराच वेळ बघत उभा राहिला आणि त्याला खरोखर बरं वाटलं. मग त्याला दुकान आठवलं.

“आबा,” तो म्हणाला, “एका रविवारपुरता द्या. संध्याकाळी आणून सोडतो.”

“दिलाय न्हवं मला?”

“दिलाय, पण...”

“समद्या लोकाम्होरं दिलाय. टाळ्या वाजवून दिलाय. मी काय चोरून आनला व्हय?” सोपानराव उठून बैलापुढं वैरण टाकू लागले. “तू त्याला पयल्या दिसापून बघतोयस. अस्सा झोपल्याला बघितला हुतास कदी?”

“नाही.”

“मंग बस जरा. चहा पिऊन जा.”

रविराज चहा पिऊन गेला. गोठ्यावर काय झालं ते त्यानं घरी सांगितलं नाही. काही बोलला नाही म्हणजे त्याची हरकत नाही, असं पूनमनं धरलं, आणि तसं धरलं जाऊ नये म्हणून त्यानं काहीच केलं नाही.

‘हॅपीला सोडवा’ ही मोहीम माजी पालक संघानं सुरू केली. मोबाईलवर सही करायची सोय होती, अंगठा टेकला की झालं. पिंपरीतून सह्या आल्या, पुण्यातून आल्या, साताऱ्यातून, दुबईतूनही आल्या. ज्यांनी हॅपीला कधी पाहिलं नव्हतं त्यांना सर्वांत जास्त वाईट वाटलं. कुणीतरी बैलांचा फुस्स करतानाचा व्हिडिओ टाकून खाली लिहिलं, की एक निष्पाप जीव कुणाच्या सोबतीत ठेवलाय बघा. आणि एका संध्याकाळी हातात मेणबत्त्या घेऊन मोठा जमाव गोठ्यावर आला. रणजीतभाऊ पुढं टेम्पोत उभे होते. टेम्पोला झालर लावली होती, साउंड बांधला होता. रविराज जमावाच्या मागच्या बाजूला होता.

सोपानराव हॅपीच्या दोरीचं टोक हातात धरूनच दारापुढं आले. कौशल्याबाई दारातच थांबल्या.

“काय पायजे?” सोपानरावांनी विचारलं.

“हॅपीला सोडा,” पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली.

“कशातनं सोडू?”

मेणबत्त्यांचं मेण हातांवर गळत होतं. अखेर निरंजन पुढं झाले.

“आबा, तुमच्या भावना समजतात. पण तो आम्हा सगळ्यांचा आहे. एखाद्या जिवाला असं एकाच घरात अडकवून ठेवणं बरोबर नाही.”

“आरं, घरात ऱ्हायलाच देत हुता न्हवं तुमी त्याला?”

“ते प्रतीकात्मक होतं,” निरंजन म्हणाले.

तेवढ्यात साउंडवाल्यानं माईकवर टिचकी मारली आणि तो म्हणाला, “हॅलो, चेक, चेक.”

गोठ्यात हॅपी उठून बसला. त्याच्या लहानशा आयुष्यात त्याला कुणी शिकार शिकवली नव्हती, राखण शिकवली नव्हती. एकच शिकवण दर आठवड्याला पक्की होत गेली होती: हा आवाज झाला की वर चढायचं, ताठ बसायचं, मान पुढं करायची, मग बिस्कीट मिळतं. तो म्हाताऱ्याच्या पायांमधून बाहेर आला. दोरी सैल होती, ती पट्ट्यातून सुटून सोपानरावांच्या हातात राहिली. हॅपी गर्दीतून गेला, टेम्पोच्या फळीवर चढला आणि रणजीतभाऊंच्या पुढं ताठ बसून त्यानं मान पुढं केली.

“आला,” लोक म्हणाले. “स्वतःहून आला.” बायका रडू लागल्या. पुरुषांनीही डोळे पुसले आणि मग मोबाईल वर धरले.

“तांबड्या,” सोपानरावांनी हाक मारली.

हॅपीनं वळून पाहिलं. त्याचा उभा कान खाली पडला आणि तो उठायला लागला. त्याच क्षणी कुणीतरी गळ्यात हार घातला, आणि हार पडला की हलायचं नसतं हे त्याला माहीत होतं.

रविराज गर्दी सारत पुढं आला. कुत्र्याचा कान असा पडतो म्हणजे त्याला आपल्या माणसाकडं जायचं असतं, हे त्या सगळ्या जमावात एकट्या त्याला कळत होतं. तो टेम्पोवर चढला. सोपानरावांना वाटलं, पोरगा आता कुत्र्याला उचलून खाली आणणार, आणि ते दोन पावलं पुढं झाले. रविराजनं हॅपीच्या डोक्यावरून हात फिरवला. हारामुळं तोंड झाकलं जात होतं, तो हार त्यानं जरा बाजूला केला. मग त्यानं माईक घेतला आणि येत्या रविवारची वेळ सांगितली.

हा व्हिडिओ तुमच्याकडं आलाच असेल. आला होता, आम्ही पाहिलंय. तुम्ही तो शेवटपर्यंत बघितलात, त्याखाली लाल हृदय दाबलंत आणि चार जणांना पुढं पाठवलात. मूळ व्हिडिओत उजव्या कडेला हातात रिकामी दोरी धरलेला एक म्हातारा दिसत होता. तो मधे येतो, मूड जातो, अशा बऱ्याच सूचना आल्या, म्हणून नव्या व्हिडिओत त्याला काढलेलं आहे. तुम्हाला आवडला तो नवा.

येत्या रविवारचे पालक सह्या करणाऱ्यांमधून सोडत काढून ठरवायचे होते. सोडत काल झाली. अंगठा तुम्हीही टेकला होतात; तुमचं नाव निघालं आहे. अभिनंदन. सकाळी वेळेवर या, फिकट रंगाचे कपडे घाला म्हणजे फोटो चांगले येतात. दोरी आणू नका.